वाफेत जाणारा सिलिंडर

"ताई, आम्ही साताऱ्यात राहतो. खाली मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, शिलाईचं दुकान आणि वर आमचं घर. आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय मामा सोडत नाहीत. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत दहा-बारा वेळा तरी चहाचं पातेलं गॅसवर चढतं. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, दिवसभर कोमट पाणी लागतं, ते वेगळंच. घरात माणसं पाच, पण सिलिंडर महिनाभर पुरत नाही. ह्यांनी पुण्याहून विजेची किटली आणली. मामा म्हणतात, दीड हजार वॅटची वस्तू, बिल डोक्यावर बसेल. आत्या म्हणतात, चहा उकळल्याशिवाय चव येत नाही, किटलीतलं पाणी नको. दोन महिने झाले, किटली खोक्यातच आहे. गॅस स्वस्त की वीज, हे एकदा सांगा, म्हणजे घरातला वाद तरी मिटेल. – एक सून, सातारा"

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून मीही तुम्हाला ताईच म्हणते.

ताई, गॅस की वीज, या वादात मामाही फारसे चुकलेले नाहीत आणि तुमचे 'हे'सुद्धा नाहीत. एक लिटर पाणी उकळायचा खर्च कुठे कमी येतो, ते सिलिंडरच्या भावावर आणि तुमच्या विजेच्या दरावर ठरतं. त्याचा हिशोब पुढे देते. पण तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष दुसऱ्याच वाक्यावर अडकलं, ते म्हणजे आत्यांचं 'चहा उकळला पाहिजे'. तुमचा सिलिंडर तिथे संपतोय.

मी सांगलीत तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे असा प्रश्न आला की मोजून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी ओट्यावर ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा काटा ठेवला आणि आमच्याकडे आई करायची तसा दोन कप चहा केला. दोन कप प्यायला हवा तर तीन कपांच्या जवळपास आधण ठेवायचं, पत्ती-साखर-आलं घालून चांगलं खळखळ उकळू द्यायचं, दूध घालायचं, परत दोन-तीन उकळ्या काढायच्या. पातेल्यात एकूण ३५० ग्रॅमच्या आसपास ऐवज होता. गाळायच्या आधी पुन्हा वजन केलं तर २५० भरला. शंभर ग्रॅम पाणी पाच-सहा मिनिटांत छताकडे निघून गेलं होतं.

आता ही शंभर ग्रॅम वाफ किती महाग पडते ते बघा. एक लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. नळाचं पाणी २५ अंशांवर असलं तर त्याला उकळी येईपर्यंत लिटरमागे साधारण ७२ किलोकॅलरी खर्ची पडतात. (शाळेच्या पुस्तकात पाणी १०० अंशांना उकळतं, ते समुद्रकाठी. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंचावर आहे, त्यामुळे तुमच्या ओट्यावर पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर पंचाण्णव-शहाण्णवलाच.) उकळी आल्यावर मात्र गंमत बदलते. तापमान आता पुढे जात नाही, आच कितीही मोठी केली तरी नाही. तुम्ही देता ती सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी लागली, त्याच्या साडेसात पट.

माझ्या पातेल्यातून गेलेल्या त्या शंभर ग्रॅम वाफेने ५४ किलोकॅलरी नेल्या. तेवढ्याच उष्णतेत पाऊण लिटर, म्हणजे चहाचे सहा कप, पाण्याला गारठ्यातून उकळी आली असती. दोन कप प्यायले आणि सहा कपांचा गॅस खिडकीतून बाहेर गेला.

तुमच्या घरापुरतं हे गणित मांडते. दिवसाला बारा वेळा, दर वेळी दोन कप धरू. पाणी-दूध तापवून उकळीला आणायचं तर बारा वेळचे मिळून सुमारे सव्वाचार लिटर, म्हणजे ३०० किलोकॅलरी. बारा वेळची वाफ १ लिटर २०० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ साडेसहाशे. एक किलो गॅस जळला की साधारण अकरा हजार किलोकॅलरी बाहेर पडतात. त्यातल्या सगळ्या काही पातेल्यात जात नाहीत. प्रमाणित घरगुती शेगडी चाचणीत किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला देते. पण ती चाचणी मोठ्या भांड्यावर होते. चहाच्या लहान पातेल्याच्या बाजूने ज्वाळा वर निघून जातात, म्हणून मी निम्म्याहून थोडी कमी, किलोमागे पाच हजार किलोकॅलरी धरते. मग चहा तापवायला रोज ६० ग्रॅम गॅस लागतो आणि वाफ करायला रोज १३० ग्रॅम. महिन्याला पावणेदोन-दोन किलो एका बाजूला, चार किलो दुसऱ्या बाजूला. सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. तुम्ही महिन्याला त्यातला पाव भागाहून जास्त नुसत्या वाफेत घालवता आहात. पाणी गॅसवर ठेवलं काय आणि विजेवर ठेवलं काय, ही वाफ तशीच चालू राहिली तर पैसे तसेच जात राहतील.

आता आत्यांचं म्हणणं. त्यांना मी चुकीचं ठरवणार नाही, कारण चहाला रंग आणि कडकपणा लागतो हे खरंच आहे आणि दूध घातल्यावर एक उकळी काढलेल्या चहाला येणारी चव वरून दूध ओतलेल्या चहाला येत नाही, हे मलाही पटतं. पण रंग आणि कडकपणा येतो तो गरम पाण्यात पत्ती किती वेळ राहिली त्यावर. पाणी खळखळत राहिलंच पाहिजे असं काही नाही. आपण वापरतो ती बारीक दाणेदार पत्ती तर पटकन उतरते. म्हणून एवढं करून बघा. ज्या कपांतून चहा द्यायचा त्याच कपांनी पाणी मोजा: दोन कपांना दीड कप पाणी, अर्धा कप दूध, आणि वाफेत जाईल त्यासाठी वर दोन-तीन चमचे पाणी. आलं किसण्याऐवजी चांगलं ठेचा आणि साखरेसकट गार पाण्यातच टाका, म्हणजे पाणी तापतानाच त्याचा अर्क उतरेल. पातेल्यावर झाकणी ठेवा. उकळी फुटली की पत्ती टाका, गॅस बंद करा आणि झाकण ठेवून तीन-चार मिनिटं तसंच राहू द्या. गवती चहा असेल तर तोही याच वेळी, पातीची गाठ मारून. मग झाकण काढा, दूध घाला, गॅस लावा, एक उकळी वर आली की गाळा. दूध घातल्यावर झाकण मात्र ठेवायचं नाही, उतू जाऊन बर्नरची भोकं बुजतात.

हाच चहा मी काट्यावर केला. वाफेत गेले जेमतेम वीस ग्रॅम. चव तुम्ही आणि आत्या दोघींनी मिळून ठरवा. एके दिवशी दुपारी एका कपात त्यांच्या पद्धतीचा आणि एका कपात हा, असे दोन्ही समोर ठेवा आणि त्यांनाच विचारा काय कमी वाटतं. पत्ती कमी वाटली तर पाव चमचा वाढवा. पाव चमचा पत्ती त्या वाफेपेक्षा स्वस्त पडते. चाळीस वर्षं ज्या बाईने घरादाराला चहा पाजला, तिच्या हातची पद्धत तिला विचारून बदलली तरच ती टिकेल, असं मला मनापासून वाटतं.

दूध फ्रीजमधून काढून थेट आधणात ओतत असाल तर तेही थांबवा. पाच अंशांचं दूध पडलं की उकळतं पातेलं एकदम गप्प होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. चहाच्या वेळेआधी दूध बाहेर काढून ठेवा. तीच गोष्ट माठाच्या पाण्याची. उन्हाळ्यात पिण्यासाठी गार केलेलं पाणी चहाला घेऊ नका, स्टीलच्या टाकीतलं किंवा कळशीतलं घ्या. पाणी दहा अंशांनी गार असलं की त्याला उकळी आणायला सातव्या हिश्शाने जास्त गॅस लागतो.

आणि ताई, दिवसातून बारा वेळा? या आकड्यावर मी जरा थांबले. गॅसचं सोडा, पण हातातलं काम टाकून बारा वेळा उठणं, पातेलं घासणं, जिना उतरून कप खाली नेणं आणि आणणं, याचाही हिशोब व्हायला हवा. तो पत्रात तुम्ही मांडला नाही, म्हणून मी मांडते. बारा वेळच्या ऐवजी चार वेळा चहा करा: सकाळचा घरातल्यांचा, साडेदहाचा, चारचा आणि संध्याकाळचा. मधल्या दोन वेळी दुकानाच्या अंदाजाने सहा-आठ कप एकदम करा आणि स्टीलच्या चांगल्या थर्मासमध्ये भरून खाली मामांच्या हाताशी ठेवा. भरण्याआधी थर्मास गरम पाण्याने विसळून घ्यायचा, नाहीतर पहिला कप थर्मासच पितो.

दुधाचा चहा थर्मासमध्ये दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. चवही बिघडते आणि कोमट झालेलं दूध पोटाला बरं नाही. चार-पाच तासांची सोय हवी असेल तर थर्मासमध्ये दुधाशिवायचा कडक कोरा चहा भरा. गिऱ्हाईक आलं की त्यात गरम दूध घालायला अर्धं मिनिट लागतं. कोऱ्या चहाला दुधाच्या चहाइतकी लवकर बाधा होत नाही.

एवढं केलंत तर रोजची वाफ १ लिटर २०० वरून दीड-पावणेदोनशे मिलिलिटरवर येईल आणि चहासाठी लागणारी उष्णता एक तृतीयांशावर. महिन्याला साडेतीन-चार किलो गॅस वाचेल, म्हणजे दर चार महिन्यांनी जवळजवळ एक अख्खा सिलिंडर. शेगडी तीच, सिलिंडर तोच, किटली अजून खोक्यातच.

आता मामांच्या प्रश्नाकडे येते.

दीड हजार वॅट ऐकून घाबरायला होतं, पण वॅटला वेळेने गुणल्याशिवाय बिल होत नाही. दीड हजार वॅटच्या किटलीत एक लिटर पाणी चार मिनिटांत उकळतं. हिशोब केला तर एक दशांश युनिट. पंच्याहत्तर वॅटचा पंखा एक तास वीस मिनिटं फिरला तरी तेवढंच युनिट पडतं. म्हणजे एका युनिटात साधारण दहा लिटर पाणी उकळतं. व्होल्टेज कमी असलं तर वेळ लागतो जास्त, पण युनिट जवळपास तेवढेच.

गॅसवर, मघाच्या किलोमागे पाच हजारच्या हिशोबाने, एका सिलिंडरमध्ये साधारण हजार लिटर पाण्याला उकळी येते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक सोपी युक्ती हाती लागते: सिलिंडरच्या किमतीला शंभराने भागा. समजा सिलिंडर ९०० रुपयांना मिळतो, तर उत्तर आलं ९. तुमच्या विजेच्या युनिटचा दर ९ रुपयांहून कमी असेल तर किटली स्वस्त, जास्त असेल तर गॅस. सिलिंडरचा भाव बदलला की पुन्हा भागाकार करायचा.

युनिटचा दर बघताना मात्र एक काळजी घ्या. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं. पहिली शंभर युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० चा दर वेगळा, पुढे आणखी जास्त. किटलीची युनिटं ही तुमच्या नेहमीच्या वापरावर चढणारी, म्हणून त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. बिलात त्या टप्प्याचा दर आणि वहन आकार यांची बेरीज करा, इंधन समायोजन असेल तर ते मिळवा आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरा. स्थिर आकार मोजू नका. तो किटली लावली तरी तेवढाच, नाही लावली तरी तेवढाच. तुमचा महिन्याचा वापर शंभरच्या आत असेल तर किटली खोक्यातून बाहेर काढायला हरकत नाही. शंभर ओलांडत असाल तर गॅसवर झाकण ठेवून केलेलं आधण बहुतेक स्वस्त पडेल. मामांची भीती त्या बाबतीत खरी ठरेल.

आणखी एक सांगते, कारण हा विचार तुमच्या घरात कोणाच्या तरी मनात येणारच. किटली खाली दुकानात ठेवून तिथेच पाणी उकळायचं म्हणाल, तर दुकानाचं मीटर वेगळं आहे का ते बघा. व्यापारी दर घरगुती दरापेक्षा चढा असतो. किटली लावायची तर वर, घरात.

विश्वास बसत नसेल तर मामांना सोबत घेऊन मीटरपाशीच प्रयोग करा. आजकालच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार हे मीटरवरच छापलेलं असतं. समजा ३२०० लिहिलंय. घरातलं बाकी सगळं बंद करा, किटलीत बरोबर एक लिटर पाणी घाला आणि मोजा. सव्वातीनशेच्या आसपास मोजणी आली की झालं. कापडाचा हिशोब इंचाइंचाने ठेवणारा माणूस स्वतः मोजलेल्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवतो.

वीज कुठून येते हे तुम्हा सातारकरांना मी काय सांगावं, पण एक आकडा मला फार आवडतो म्हणून लिहिते. पाटण तालुक्यातल्या कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून साधारण पावणेपाचशे मीटर खाली कोकणाच्या बाजूला पडतं आणि वीज तयार करतं. त्यातून एक युनिट मिळवायला आठ-नऊशे लिटर पाणी खाली सोडावं लागतं. म्हणजे कोयनेच्या विजेवर एक लिटर पाणी उकळायचं तर ऐंशी-नव्वद लिटर पाणी डोंगर उतरतं. आपल्या घरात येणारी सगळी वीज कोयनेची नसते, बरीचशी कोळशाची असते. तरी किटलीत दोन कपांसाठी अख्खा लिटर भरताना मला ते ऐंशी लिटर आठवतं आणि हात आखडतो.

किटली वापरायची ठरलीच तर कपाने मोजून भरा, आतल्या 'किमान' खुणेच्या खाली मात्र जाऊ नका. झाकण नीट बसवा. किटली आपोआप बंद होते ती वाफ एका ठरावीक वाटेने आतल्या पट्टीपर्यंत पोचते म्हणून. झाकण उघडं राहिलं तर वाफ बाहेर जाते आणि किटली उकळतच राहते. दूध किंवा चहा किटलीत कधीही करू नका, तळाला करपतं आणि उतू जाऊन विजेच्या भागात शिरतं. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: दीड हजार वॅटला साडेसहा अँपिअर वीज लागते. पंख्या-दिव्याच्या बोर्डावरचं छोटं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. किटली तिथे किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, फ्रीज-गिझरला असतं तसं जाड पिनचं सोळा अँपिअरचं सॉकेट हवं. ओट्याजवळ ते नसेल तर आधी वायरमनकडून बसवून घ्या, तोवर किटली खोक्यातच बरी.

बोअरचं पाणी असेल तर किटलीच्या तळाला पांढरा थर धरेल. महिन्यातून एकदा पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून उकळा, अर्धा तास ठेवा, ओतून दोनदा विसळा. विजेत त्याने फार बचत होते असं नाही, पण किटलीचं आयुष्य वाढतं.

शेगडीबद्दल थोडंच. पातेलं उंच-निमुळतं नको, पसरट बुडाचं हवं. ज्वाळा बुडाच्या कडेबाहेर दिसली की ती ओटा तापवतेय असं समजा आणि आच कमी करा. चहाला लहान बर्नरच घ्या. ज्वाळा निळी हवी. पिवळी होत असेल, पातेल्याचं बूड काळं पडत असेल, तर बर्नर उतरवून साबणाच्या गरम पाण्यात भिजवा आणि भोकं सुईने मोकळी करा. आतला जेट स्वतः उचकटू नका, ते काम मेकॅनिकचं.

राहिलं आत्यांचं कोमट पाणी, आणि याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आमच्या गल्लीत आठवडाभर सिलिंडरची गाडी येऊ शकली नव्हती. नळाला येईल ते पाणी गढूळ. सगळ्या घरांत मोठमोठी पातेली चढली होती आणि प्रत्येकजण पाणी वीस-वीस मिनिटं उकळत होता, कारण तसंच करायचं असतं अशी सगळ्यांची समजूत. तिसऱ्या दिवशी आमच्यासमोरच्या घरातला गॅस संपला, घरात तान्हं बाळ. त्या रात्री मी गल्लीतल्या बायकांना घरोघर जाऊन सांगितलं की जंतू मरायला पाण्याला एक मिनिट खळखळून उकळी पुरते. तुमच्या-माझ्या उंचीवर एक मिनिटच. दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं उकळावं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, चारपदरी स्वच्छ कपड्यातून गाळा, मग उकळा. आहे तो गॅस आम्ही त्या बाळाच्या घराशी वाटून घेतला आणि गाडी येईपर्यंत तो पुरला. त्यानंतर 'वीस मिनिटं उकळा' हा सल्ला कोणी दिला की मी गप्प बसत नाही. पावसाळ्यात कावीळ-जुलाबाच्या दिवसांत पाणी जरूर उकळून प्या, त्यात काटकसर करू नका. फक्त एक मिनिट झालं की गॅस बंद करा आणि झाकण ठेवून त्याच पातेल्यात निवू द्या. निवल्यावर त्यात हात किंवा ओला पेला बुडवायचा नाही, ओगराळ्याने घ्यायचं.

आत्यांसाठी तर याहून सोपी सोय आहे. सकाळी चहाच्या वेळीच त्यांचं एक लिटर पाणी उकळून एका वेगळ्या थर्मासमध्ये भरा. शेजारी आदल्या रात्री उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या ठेवा. त्यांना हवं तेव्हा त्यांनी पेल्यात एक भाग उकळतं आणि दोन भाग गार घ्यायचं. सकाळच्या वेळी ते पन्नास अंशांच्या जवळपास येतं, घोट घोट पिण्याजोगं. दुपारनंतर थर्मासमधलं थोडं निवलं की अर्धं-अर्धं. सकाळच्या एका लिटरच्या आधणात त्यांचं दोन-तीन लिटर कोमट पाणी होतं, आणि पेलाभर पाण्यासाठी त्यांना तुम्हाला हाक मारावी लागत नाही. वयाच्या माणसाला हे दुसरंच जास्त बरं वाटतं. थर्मास मात्र दाबून पाणी येणारा किंवा हलका, एका हाताने उचलता येईल असा घ्या. मोठ्या जड थर्मासचं बूच फिरवताना उकळतं पाणी हातावर सांडतं.

सोलरच्या किंवा गिझरच्या नळाचं गरम पाणी चहाला घेतलं तर, असं तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला विचारलंय. नका घेऊ. टाकीत दिवसेंदिवस साठलेलं, नळ्यांमधून आलेलं ते पाणी अंघोळीचं. पिण्याच्या पाण्याची वाट वेगळी ठेवा.

नवीन सिलिंडर लावाल त्या दिवशी कॅलेंडरवर तारीख घाला. चहाची नवी पद्धत त्याच दिवसापासून सुरू करा, म्हणजे दोन सिलिंडरांची तुलना सरळ होईल. सणाचा किंवा पाहुण्यांचा महिना निघाला तर तो सोडून पुढचा धरा. किती दिवस गेला ते मला कळवा, आणि आत्यांनी दोन कपांतला कुठला उचलला तेही. त्यांना आणि मामांना माझा नमस्कार सांगा.